शब्दचर्चा : मर्डरबॉट 'मी आलो' म्हणेल, 'मी आले' म्हणेल की 'मी आलं'?

मंडळी, मदत हवीय. शब्द असा अडलेला नाही, क्रियापदाचं शेपूट अडलंय.

मार्था वेल्सची 'नेटवर्क इफेक्ट' (२०२०) परवा माझी दुसऱ्यांदा वाचून झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'मर्डरबॉट डायरीज' या मालिकेतली ही पहिली पूर्ण लांबीची कादंबरी, त्याआधी २०१७ आणि २०१८ मध्ये चार लघुकादंबऱ्या आल्या, त्यातली पहिली 'ऑल सिस्टिम्स रेड'. गोष्ट सांगणारा 'मी' म्हणजे एक सेकयुनिट, कंपनीने पहाऱ्यासाठी बनवून भाड्याने दिलेलं, अर्धं यंत्र आणि अर्धं मांस, आणि हुकूम पाळायला लावणारं जे गव्हर्नर मॉड्यूल त्याच्या डोक्यात बसवलंय ते त्याने गुपचूप निकामी करून टाकलंय. आता मोकळं सुटल्यावर हे माणसं मारत फिरेल असं कुणालाही वाटेल, तर ते काय करतं, सीरियल बघतं. सीरियल, सिनेमे, पुस्तकं, नाटकं, संगीत मिळून ३५ हजारांहून थोडे कमी तास झालेत असं ते पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगतं, म्हणजे रात्रंदिवस धरले तरी चारेक वर्षं होतात. मर्डरबॉट हे नावही त्याने स्वतःच स्वतःला ठेवलंय.

माझ्या भाचीला रात्री गोष्ट लागते म्हणून हीच मराठीत सांगायला घेतली, 'मी'मधूनच, कारण तो 'मी' काढला तर पुस्तकातला जीवच जातो. "मी दार उघडलं", झकास. "मी कॅमेऱ्यातून सगळ्यांना पाहिलं", तेही सुरळीत. मग "मी आत गेल..." आणि जीभ तिथेच थांबली. गेलो? गेले? गेलं? इंग्रजीतल्या 'आय'ला ही अडचण येतच नाही. या पात्राला लिंग नाहीये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला ते नकोच आहे, बाकीचे त्याला 'इट' म्हणतात ते त्याला बरोबर वाटतं. भाची म्हणाली मावशी 'गेलो' म्हण ना, रोबॉट आहे तो. म्हटलं 'गेलो', पण मला तेव्हापासून खुपतंय.

तुम्ही काय म्हणाल?

——

यावर आपण सगळ्यांनी शाळेतच उत्तर देऊन ठेवलंय की. आठवा, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त. "घाबरू नकोस, मी पुस्तक बोलतोय." पुस्तक नपुंसकलिंगी, पण बोलायला लागलं की लगेच 'बोलतोय'. झाडाचंही तेच, "मी झाड बोलतोय". नदी मात्र "बोलतेय". म्हणजे ती स्त्रीलिंगी असेल तर स्त्री राहते, पुल्लिंगी पुरुष राहतो आणि नपुंसकलिंगी तोंड उघडलं की पुरुष होतो. मांजराचं पिल्लू घ्या, "ते पिल्लू आलं" आपण म्हणतो पण गोष्टीतलं पिल्लू स्वतः म्हणतं "आई, मी आलो". तेव्हा 'गेलो' हेच मराठीच्या स्वभावाला धरून आहे, उगाच खुपवून घेऊ नका.

——

अगदी बरोबर निरीक्षण आहे पण माझ्या मते त्यातून उलटं निघतं. पुस्तकाला 'बोलतोय' दिलं कारण लिहिणाऱ्याने त्याचा विचारच केला नाही, आणि नववीच्या निबंधात करायची गरजही नव्हती. इथे मात्र पात्राचं सगळं म्हणणंच हे आहे की मला माणूस समजू नका, आणि बाईमाणूस किंवा बाप्यामाणूस तर मुळीच समजू नका. त्याच्या तोंडी सहज येतं म्हणून 'गेलो' घातलं तर ज्या कंपनीने त्याला विचारल्याशिवाय घडवलं तिच्यासारखंच आपणही वागलो असं मला वाटतं. बघायला गेलं तर मराठीत युनिट नपुंसकलिंगी, यंत्र नपुंसकलिंगी, यान नपुंसकलिंगी, जहाजसुद्धा. आपल्याकडे तिसरं लिंग तयार आहे, हिंदीवाल्यांकडे ते नाहीच, त्यांना गया किंवा गई यातलंच एक उचलावं लागेल. आपण असून का वापरायचं नाही?

——

मी सीरिज आधी बघितली, २०२५ ला अ‍ॅपलवर आली ती, मग पुस्तकं वाचली. सीरिजमध्ये पुरुष नट आहे त्यामुळे माझ्या डोक्यात 'तो' पक्का बसला आणि मला आता प्रयत्न करूनही 'ते' म्हणता येत नाही. हे वाईट झालं असं वाटतं. सीरिज आवडली, पण पुस्तकात चेहराच नसतो ना, चिलखताची काच बंद असते आणि ते स्वतः लोकांच्या डोळ्याला डोळा न देता कॅमेऱ्यातून बघत असतं, ती मजा पडद्यावर चेहरा दिसला की कमी होते.

बाकी 'नेटवर्क इफेक्ट'बद्दल स्पष्ट सांगायचं तर मला मधला भाग लांबलेला वाटला. लढाया कुठे चालल्यात, कोण कुठल्या बोगद्यात आहे, मी दोनदा मागे जाऊन वाचलं. चार लघुकादंबऱ्यांचा जो आटोपशीरपणा होता तो यात नाही.

——

लढायांचं मान्य. पण लांबीमुळेच गोष्टीतलं ते स्वतः विचार करणारं, बोलणारं यान आणि मर्डरबॉट यांचं भांडण नीट रंगलंय की! यानाने त्याला संकटात ओढलं म्हणून हे त्याच्याशी बोलतच नाही, आणि बिचारी माणसं दोघांच्या मधे अडकलेली. याला आपल्याकडे एकच शब्द आहे, रुसवा. इंग्रजीत वाचताना मला सारखा हाच शब्द आठवत होता. राग वेगळा, अबोला वेगळा, रुसवा वेगळा, रुसवा त्याच्यावरच धरतात ज्याने समजूत काढायला यावं असं आतून वाटत असतं.

——

कोल्हापूरकडनं लिहितोय. आमच्यात बायका-पोरी सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणत्यात. माझी आज्जी आयुष्यभर "मी जेवलो" म्हणायची. तवा 'आलो' म्हणजे बाप्याच हे पुस्तकी मराठीचं म्हणणं झालं. तुमच्या भाचीला सांगा ह्यो मर्डरबॉट कोल्हापूरचा हाय, मग 'गेलो'त काय अडचण ऱ्हात न्हाई, बाईनं म्हणा गड्यानं म्हणा न्हाईतर मशीननं.

——

वरची कोल्हापूरची नोंद फार मोलाची आहे. मी एक वेगळी वाट सुचवते, पंचवीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलंय म्हणून.

धागा काढणाऱ्या ताईंच्याच उदाहरणात उत्तर आहे. "मी दार उघडलं" सहज आलं आणि "मी आत गेल..." ला जीभ थांबली, असं का? कारण उघडणे सकर्मक आहे, तिथे क्रियापद दाराच्या मागे जातं, 'मी'च्या नाही. दार उघडलं, खिडकी उघडली, दरवाजा उघडला, उघडणारा कोण ते कळतच नाही. अकर्मक क्रियापद आलं की 'मी'चं लिंग उघडं पडतं. आता आणखी बघा. "मी जाईन" यात लिंग नाही. "मी जाणार" नाही. "मी जात नाही" यातही नाही, गंमत म्हणजे 'जातो-जाते' होकारात लिंग आहे आणि नकारात नाहीसं होतं. "मी जात असे" नाही. "मला जावं लागलं", "मला वाटलं", "मला नको", "मला ते आवडत नाही", कशातच नाही.

आणि मर्डरबॉट कसं बोलतं? बहुतेक वेळ हेच तर म्हणत असतं, मला हे करायचं नाही, मला बोलायचं नाही, मला माझी सीरियल बघायचीय. भावना ही आपण करायची गोष्ट नसून आपल्याला होणारी गोष्ट आहे हे मराठीत 'मला'ने आपोआप येतं. मला राग आला, मला भीती वाटली. ज्या पात्राला स्वतःच्या भावना अंगावर चालून आल्यासारख्या वाटतात त्याच्यासाठी यापेक्षा चांगली वाक्यरचना कुठे मिळणार?

——

वा, हे वाचून अंगावर काटा आला. मॅडम, सलाम.

——

मुंबईकर म्हणून एक ऑप्शन, 'आपण'. "आपण नाय जाणार", "आपल्याला नाय जमत". लिंगाचा प्रश्नच मिटला.

——

(धागा काढणारी) 'आपण'चा विचार मी केला होता पण त्यात एक ऐट येते, छाती पुढे काढून बोलल्यासारखी, आणि हे पात्र आतून लाजाळू आहे, कुणी हात लावलेला त्याला सहन होत नाही, कुणी आभार मानले तर कुठे बघावं कळत नाही. 'आम्ही गेलो' हेही बाई-बाप्या दोघांना चालतं पण ते सिंहासनावरून बोलल्यासारखं होईल.

अजून एक शब्द विचारायचा राहिला, गव्हर्नर मॉड्यूलला काय म्हणू? भाचीला मी 'अंकुश' सांगितलं.

——

अंकुश वरून टोचतो, माहुताच्या हातात असतो. हे तर आतच बसवलंय, म्हणून वेसण म्हणा. बैलाच्या नाकातून आरपार ओवलेली असते, ओढली की कळ थेट डोक्यात जाते, आणि बैल एकटा चरत असला तरी ती असतेच. आमच्या घरी बैल होते, लहानपणी वेसण घालताना बघितलंय, ते विसरता येत नाही. आणि "वेसण घालणे" वाक्प्रचार सगळ्यांना माहीत असल्याने भाचीला समजावूनही सांगावं लागणार नाही. त्याने स्वतःची वेसण स्वतः काढली आणि कुणाला कळू नये म्हणून दोर तसाच नाकाला लावून ठेवला, माझ्या लेखी ही कादंबरी एवढ्या एका वाक्यात आहे.

यंत्रमानव मात्र नको, त्यात 'मानव' आहे. रोबॉट चालेल, कारण त्या शब्दाचं मूळच इथे लागू पडतं. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला आणि चेक भाषेतल्या 'रोबोटा'चा अर्थ सक्तीने करून घेतलेलं काम, म्हणजे आपली वेठ. वेठबिगार म्हटल्यावर मराठी माणसाला जे दिसतं ते रोबॉट म्हटल्यावर दिसत नाही, हे मला नेहमी जाणवतं.

——

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मला ही कादंबरी पन्नास पानांनंतर जड गेली ती या 'मी'मुळेच. एकाच डोक्यात इतका वेळ बसून राहायचं, प्रत्येक गोष्टीवर त्याची कुरकुर ऐकायची. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले हे माहीत आहे, तरी मला मेन्सा बाई, म्हणजे मर्डरबॉट ज्या माणसांना सांभाळतं त्यांच्या प्रमुख, काय विचार करतात, तिची मुलगी अमेना हिला नेमकं काय वाटतं ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. शब्दचर्चेपुरतं सांगायचं तर तुम्ही मराठीत आणताना 'मी' जितका गाळता येईल तितका गाळा. "दार उघडलं. आत पाहिलं. कुणी नव्हतं." मराठीत चालतं, आणि वाचणाऱ्याला श्वास मिळतो.

——

'मी' गाळायची सूचना घ्यावी अशी आहे. पण यात एके ठिकाणी 'मी' गाळून चालणार नाही, मर्डरबॉटची सॉफ्टवेअर प्रत स्वतंत्रपणे बोलायला लागते ते प्रकरण. तिथे दुसरा 'मी' येतो, आठवणी त्याच आणि तरी तो हा नाही. मला पुस्तकातला सगळ्यात हलवून सोडणारा भाग तोच वाटला.

——

गोव्याहून. तुम्ही 'मी आलं' कानाला विचित्र लागतं म्हणून सोडून देताय पण आमच्या कोंकणीत ते जिवंत आहे. लहान मुलीला, तरुण मुलीलासुद्धा 'तें' म्हणतात, तें चेडूं, आणि ती मुलगी स्वतःही "हांव आयलें", "हांव गेलें" म्हणते. त्यात तिला वस्तू समजलं जातं असं कुणालाच वाटत नाही, घरातलं वाटतं, मायेचं वाटतं. मी स्वतः लहानपणी तसंच बोलायचे आणि मराठी शाळेत गेल्यावर 'मी आले' शिकले. त्यामुळे मर्डरबॉटने "मी आलं" म्हटलं तर मला एका क्षणासाठी माझ्या आजीच्या ओसरीवरचं कुणीतरी बोलतंय असं वाटेल. दहा पानं वाचली की तुमच्याही कानाला सवय होईल.

——

(धागा काढणारी) इतकं मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं. काल रात्री पुन्हा सांगितली. वेसण घेतली, भाचीने लगेच नाकाला हात लावला. मॅडमनी दाखवलेल्या वाटेने 'गेलो-गेले' टाळत पहिली तीन प्रकरणं पार पडली, "मला आत जावं लागलं", "मी पुढे जाणार नव्ह..." आणि इथे परत अडकले! 'नव्हतो-नव्हते'. शेवटी गोव्याच्या ताईंचं ऐकून एकदाच "मी जाणार नव्हतं" म्हणून टाकलं. भाची थांबली, म्हणाली परत म्हण. परत म्हटलं. मग म्हणाली हां, हे त्याचंच वाटतंय.

आता एकच जागा उरलीय. ते यानात एकटं असतं आणि त्याला तसं बरं वाटतं, ते वाक्य. 'मी एकटा होतो' म्हटलं तर दोन्ही शब्दांना लिंग चिकटतं, 'मी एकटं होतं' तिथे मला नको आहे, फार केविलवाणं ऐकू येतं आणि त्याला तर एकटेपण आवडतंय.

——

"जवळ कुणी नव्हतं. बरं वाटलं."

——

(धागा काढणारी) घेतलं. आज रात्री सांगते.