सहीचे पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्या खेळाडूला लोभी म्हणू नका

स्कोअरकार्ड (धागाकर्ता)

परवा ‘जर्सीतला दादरकर’ यांची पोस्ट वाचली. शिकागोजवळ रोझमाँटला ‘नॅशनल’ या, खेळाडूंच्या छापील चित्रांची कार्डं आणि सह्या जमवणाऱ्यांच्या प्रदर्शनात त्यांनी एका निवृत्त बेसबॉलपटूच्या सहीचं तिकीट पाहिलं, दर बघून ते उखडले आणि लिहिलं की खेळाडू लोभी झालेत, सही फुकटच द्यायला हवी, तिचे पैसे मोजणारे वेडे आहेत. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी या छंदात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

दर वाढलेत, यात वाद नाही. 1980 साली लॉस एंजेलिसला पहिलं नॅशनल भरलं तेव्हा तो कार्डं जमवणाऱ्यांचा मेळा होता. आज मोठ्या नावाची सही चार आकडी डॉलरांत जाते. पण तो आकडा ठरतो कसा? प्रमोटर, म्हणजे प्रदर्शन भरवणारा, खेळाडूला ठरावीक रक्कम आधीच कबूल करतो. विमान, हॉटेल, माणसं, हॉलचं भाडं वेगळं. तिकिटं खपली नाहीत तर खड्डा प्रमोटरला. म्हणून तो दर चढा ठेवतो. पुढे वस्तूप्रमाणे भाव बदलतो. फोटोला एक, बॅट, जर्सी, हेल्मेटला त्याहून जास्त. सहीखाली ‘हॉल ऑफ फेम’ (बेसबॉलमधला सर्वोच्च मान) आणि तो मिळाल्याचं वर्ष लिहून हवं असेल तर आणखी पैसे. बॅटवर सही करायला शाई जास्त लागत नाही. सही केलेली बॅट बाजारात जास्त भावाने विकली जाते, एवढंच कारण. म्हणजे हा दर तुमच्याआमच्याकडे बघून ठरलेलाच नाही. चाकांच्या बॅगेत जर्सींचा गठ्ठा घेऊन रांगेत पुढे उभे असतात त्या विक्रेत्यांकडे बघून तो ठरलाय. 2020-21 मध्ये कार्डांचे भाव पेटले तेव्हापासून ही गर्दी फार वाढली.

आता लोभाबद्दल. 1967 साली मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, किमान पगार वर्षाला 6,000 डॉलर होता. मिकी मँटलसारख्या बड्या ताऱ्याचा सर्वोच्च पगार एक लाख. खेळाडूंना संघ बदलायची खरी मोकळीक मिळाली ती डिसेंबर 1975 च्या लवादाच्या निकालानंतर. पेन्शनसाठी चार वर्षांची सेवा लागायची. 1980 मध्ये ती अट 43 दिवसांवर आली, पण आधीच्यांना लागू केली नाही. चार वर्षं न भरलेले शेकडो खेळाडू कोरडेच राहिले. 2011 मध्ये त्यांना वर्षाला जास्तीत जास्त 10,000 डॉलर द्यायचं ठरलं, तेही बऱ्याच भांडणानंतर. ही माणसं अशा प्रदर्शनांत कडेच्या टेबलांवर बसलेली असतात. त्यांना लोभी म्हटलेलं मला सहन होत नाही.

---

जर्सीतला दादरकर

माझ्या पोस्टवर स्वतंत्र धागा काढलात, आता ऐकून घ्या. तुम्ही दोन जातींचे खेळाडू एका छपराखाली आणून गरिबाच्या आडून श्रीमंताची वकिली करताय. चार आकडी दर लावणारा कोण आहे? आजचा बेसबॉलचा तारा ओतानीने डिसेंबर 2023 मध्ये 700 दशलक्ष डॉलरांचा करार केला. त्याच्या दर्जाच्या माणसाची सही हजाराच्या पुढे का जावी? त्याचं पेन्शन अडलंय का?

मी मुलाला घेऊन गेलो होतो. वाढदिवसाचे साठवलेले पैसे त्याने स्वतः दिले. टेबलापाशी पोचल्यावर खेळाडूने मान वर केली नाही. मुलाने ‘हॅलो’ म्हटलं तर मदतनिसाने ‘पुढे सरका’ म्हणून हात केला. फोटो हवा असेल तर वेगळं तिकीट. त्या सहीत दोन अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत. तुम्ही प्रमोटरचा जमाखर्च सांगताय, मी माझ्या पोराचा चेहरा सांगतोय.

---

रानवारा

दादरकरांशी सहमत. आम्ही फिनिक्सला राहतो. मार्चमध्ये स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे संघांच्या हंगामाआधीच्या सरावाला, जा. सकाळी मैदानाच्या कठड्याला लागून उभं राहिलं की खेळाडू येऊन सही देतात, मुलांशी बोलतात, एक पैसा घेत नाहीत. हीच माणसं हॉलमध्ये बसली की दरपत्रक लागतं.

---

स्कोअरकार्ड

रानवारा, त्या कठड्यापाशी जाड्या फायली घेऊन कोण उभं असतं तेही लिहा ना. मी मुलांना कोपराने मागे ढकलणारी मोठी माणसं बघितली आहेत. काही जण तर पोरांच्या हातात चेंडू देऊन पुढे पाठवतात आणि नंतर काढून घेतात. फुकट दिलेली सही संध्याकाळी विक्रीला लागलेली दिसते. असं चालू राहिलं तर खेळाडू कठड्याकडे यायचे बंद होतील, आणि काही झालेही आहेत.

---

आधी_खरी_का_बघा

तुम्ही दरावर भांडताय, पण सही खरी आहे का हा प्रश्न कोणी विचारत नाही. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये 1999 साली छापे पडले तेव्हा बनावट सह्यांचा कारखानाच हाती लागला होता. त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल होते! टोनी ग्विन या बेसबॉलपटूला स्वतःच्या संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या दिसल्या. त्यानंतर 2001 पासून मेजर लीगने खऱ्या वस्तूवर होलोग्रामचं स्टिकर लावायची पद्धत आणली. आता होलोग्रामही नकली छापतात. जुलै 2025 मध्ये इंडियानातल्या एका विक्रेत्यावर पोलिसांनी त्याच संशयावरून छापा घातला.

मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फ्रेम केलेली जर्सी घेतली होती, सोबत देखणं प्रमाणपत्र. तपासायला पाठवली तर नापास होऊन परत आली. विक्रेत्याचं दुकान तोवर बंद. बायको आजही विचारते, ती तळघरातली जर्सी कुणाची. ज्यांना दर जास्त वाटतो त्यांनी हा तोटा मोजावा.

---

स्कोअरकार्ड

तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. प्रदर्शनात डोळ्यांसमोर पेन चालतं. त्या खात्रीचे पैसे द्यायला मी तयार आहे.

---

आधी_खरी_का_बघा

मग डोळ्यांसमोर केलेल्या सहीला पुन्हा प्रमाणपत्राची वेगळी फी का घेतात? याचं उत्तर द्या.

---

मीरा_शिवाजीपार्क

मला हे सगळं वाचून वाईट वाटतंय. आम्ही शाळेत असताना स्वाक्षरीची वही घेऊन पार्कात जायचो. नेट संपलं की खेळाडू किट बॅग आवरता आवरता सही करायचे, नाव विचारायचे, कुठल्या शाळेत आहेस विचारायचे. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सचिन आणि वॉर्नचे संघ न्यूयॉर्कला सिटी फील्डवर खेळले तेव्हा मी नवऱ्याला ओढत नेलं होतं. सही मिळाली नाही, पण कुणी दरपत्रकही दाखवलं नाही.

आणि मे 2023 मध्ये चेपॉकवर गावसकर धावत जाऊन धोनीकडून स्वतःच्या शर्टावर सही घेऊन आले. सत्तरी ओलांडलेला, दहा हजार धावांचा माणूस! सही म्हणजे हे. तिथे पैसे आले की ती भेट राहत नाही, खरेदी होते.

---

इंजिनभाऊ

मीराताई, आपल्याकडे सही फुकटच असते हा गैरसमज आहे. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे. मागाल त्याला दर एकच.

---

मीरा_शिवाजीपार्क

ते हरिजन फंडासाठी होते हो! स्वतःच्या खिशात जात नव्हते. गांधीजींना कार्ड शोच्या प्रमोटरच्या रांगेत बसवू नका.

---

इंजिनभाऊ

मी कुणाला कुठेही बसवत नाही. पैसे कुठे गेले हा देणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न आहे. त्या काळचे पाच रुपये म्हणजे गिरणीतल्या माणसाची काही दिवसांची मजुरी. परळच्या चाळीतल्या मुलाला ती सही परवडत नव्हती. तुमची तक्रार ‘गरीब पोराला मिळत नाही’ अशी असेल तर ती तिथेही लागू होते.

---

जर्सीतला दादरकर

काय तुलना करताय! एका बाजूला अस्पृश्यतेविरुद्धचं काम, दुसऱ्या बाजूला चौथ्या बंगल्याचं कर्ज. हा फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

---

इंजिनभाऊ

आवाज चढवू नका. चौथा बंगला हे तुम्ही घुसडलंत. मी एवढंच म्हटलं की सहीला दर लावणं मुळात हीन नाही. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या माणसाने तो लावला होता आणि लोकांनी आनंदाने दिला.

---

रानवारा

त्या काळच्या सह्यांचं निघालंच आहे तर क्रिकेटपटू विजय मर्चंटच्या बहिणीची, लक्ष्मी मर्चंट यांची वही आठवा. 1933-34 च्या दौऱ्यावर आलेल्या एमसीसी, म्हणजे इंग्लंडच्या, संघाच्या सोळा जणांच्या सह्या एका पानावर होत्या. ती वही गांधीजींपुढे गेली तेव्हा त्यांनी नेमकं तेच पान काढलं आणि सतरावी सही केली. कर्णधार जार्डिनच्या संघात गांधीजी! आज हे पान लिलावात आलं तर हातोडा कुठे पडेल?

---

मीरा_शिवाजीपार्क

लिलावात आणायचंच कशाला? हेच मी मघापासून सांगतेय. ते पान एका मुलीचं होतं, तिने हौसेने भरवलेलं. तुम्ही दोन वाक्यांत त्याला हातोड्याखाली नेलंत.

---

रानवारा

ताई, मी तुमच्याच बाजूने लिहिलं होतं. आता प्रत्येक शब्दाला धार लावून बसणार असाल तर मी थांबतो.

---

कोथरूड_टू_क्लीव्हलंड

अवांतर पुरे. गांधीजींवर इतके प्रतिसाद आणि मूळ प्रश्न खाली. दादरकर, तुम्ही म्हणता हे खेळाडू लोभी. मी एक पाऊल पुढे जातो. यातले काही जण करही बुडवत होते. बेसबॉलपटू पीट रोझला 1990 मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. सह्या, जुन्या वस्तूंची विक्री आणि घोड्यांच्या शर्यतीतलं उत्पन्न त्याने दाखवलं नव्हतं. ड्यूक स्नायडर आणि विली मकोव्ही हे हॉल ऑफ फेमचे दोघे 1995 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल करून आले. कार्ड शोमध्ये रोख मिळालेले पैसे लपवले होते. आपण पगारातला प्रत्येक सेंट दाखवतो. यांना दया कशाला?

---

जर्सीतला दादरकर

धन्यवाद. स्कोअरकार्ड, तुमच्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल आता बोला.

---

स्कोअरकार्ड

बोलतो. त्यांनी गुन्हा केला आणि शिक्षा भोगली. मकोव्हीला जानेवारी 2017 मध्ये ओबामांनी माफी दिली. रोख पाकिटांची ती पद्धत प्रमोटरांनीही खुशीने चालवली होती, त्यांचीही नावं घ्या.

पीट रोझ मला माणूस म्हणून कधीच आवडला नाही. त्याने बेसबॉलवर जुगार खेळल्याबद्दल माफी मागणारं वाक्यसुद्धा चेंडूवर लिहून विकलं. पण 29 सप्टेंबर 2024 ला तो नॅशव्हिलच्या एका प्रदर्शनात रेड्स या आपल्या जुन्या संघातल्या सहकाऱ्यांबरोबर सह्या करत बसला होता. 30 तारखेला गेला. वय 83. मेजर लीगमधल्या सर्वाधिक हिट्स (यशस्वी फटके), 4,256, ज्याच्या नावावर आहेत तो माणूस शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावर होता. त्या जुगारापायी हॉल ऑफ फेम नाही, लीगमध्ये नोकरी नाही. त्याच्याकडे विकायला उरलं होतं ते फक्त स्वतःचं नाव. त्याचा दर मला खुपत नाही.

मला खुपतं ते मधलं सगळं. एकेका खेळाडूच्या सह्यांचे हक्क बांधून घेणाऱ्या कंपन्या. बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन 1992 पासून अपर डेक या कार्ड कंपनीशी बांधलेला आहे, त्यामुळे त्याची नवी सही हवी तर रस्ता एकच. आता खेळांच्या वस्तू विकणाऱ्या फॅनॅटिक्सने 2022 मध्ये टॉप्स ही कार्डांची कंपनी घेतली, कार्डं तिची, करार तिचे, आणि न्यूयॉर्कला जॅव्हिट्स सेंटरमध्ये मोठा उत्सवही तिचाच. विकणारा एकच उरला की भाव कोण ठरवणार? राग तिकडे काढा.

---

जर्सीतला दादरकर

ठीक. पेन्शन न मिळालेल्यांसाठी ‘लोभी’ हा शब्द मागे घेतो. कडेच्या टेबलांवरच्या माणसांबद्दल मी लिहिलंच नव्हतं, पण तसा अर्थ निघत असेल तर निघो. कंपन्यांचंही मान्य. मात्र त्यांच्याशी करार खेळाडूच करतात, कुणी बंदूक रोखलेली नसते. आणि माझ्या मुलाकडे न बघणाऱ्या त्या माणसाबद्दल माझं मत तेच आहे. त्याच्याकडे सगळं होतं. एक वाक्य बोलायला पैसे लागत नव्हते.

---

स्कोअरकार्ड

त्या माणसाची बाजू मी घेणार नाही. मुलाला पुढच्या वेळी जुलैत कूपर्सटाउनला न्या. हॉल ऑफ फेमच्या समारंभाच्या शनिवार-रविवारी मेन स्ट्रीटवर दुकानांबाहेर जुने खेळाडू बसतात. पैसे लागतात, पण रांगा छोट्या असतात आणि म्हातारे बोलायला आसुसलेले असतात. जुना बेसबॉलपटू बॉब फेलर हयात होता तेव्हा त्याच्या टेबलापाशी गेलं की नौदलातल्या आठवणी ऐकूनच सुटका व्हायची.

---

मीरा_शिवाजीपार्क

माझी एक मागणी आहे. सही घेताना मुलाचं नाव लिहून घेतलं, ‘आरवला शुभेच्छा’ असं, तर ती वस्तू विक्रेत्याच्या कामाची राहत नाही. मग नाव घालून घेणाऱ्याला अर्धा दर का लावत नाहीत? उलट काही ठिकाणी नाव लिहायचे जास्त पैसे मागतात. ज्याला जपायची आहे त्यालाच दंड.

---

जर्सीतला दादरकर

हे पटलं. अर्धा दर आणि नाव सक्तीचं. मी स्वतः रांगेत उभा राहीन.

---

इंजिनभाऊ

प्रमोटर ऐकणार नाही. त्याची निम्मी तिकिटं विक्रेतेच उचलतात.

---

आधी_खरी_का_बघा

आणि चेंडूवरचं नाव पुसणारे लोक आहेत. सही शाबूत ठेवून वरचं ‘आरवला’ तेवढं घालवतात, चामड्यावर जेमतेम डाग दिसतो. अर्ध्या दरात घेऊन पूर्ण दरात विकतील. प्रमाणपत्राच्या वेगळ्या फीबद्दल मी विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.