'फॉरिन अपोझर'ला मराठीत काय म्हणावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेवरचे एक प्रकरण मराठीत आणते आहे. 'फॉरिन अपोझर' या हुद्द्यापाशी चार दिवस अडून बसले आहे. हा एक्सचेकर कोर्टातला (राजाच्या महसुलाचे काम पाहणारे कोर्ट) हिशेब तपासणारा अधिकारी. १८३३ साली कायद्याने हे पद रद्द झाले, त्यामुळे रुळलेला प्रतिशब्दही मिळत नाही.

'लेखापरीक्षक' लिहिले आणि खोडले. तो शब्द वाचला की खातेवह्या चाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अपोझर मुळात प्रश्न विचारणारा. समोर काउंटीचा शेरीफ (मुंबईच्या नगरपालासारखा मानाचा नव्हे, राजाची वसुली करणारा). कोर्टांनी कोणाला किती दंड केला याच्या याद्या हिरव्या मेणाची मोहोर लावून शेरीफकडे आधीच गेलेल्या असत. अपोझर एकेक नाव घेऊन विचारी आणि शेरीफ तिथल्या तिथे उत्तर देई. 'टॉट' म्हटले की पूर्ण रक्कम शेरीफच्या नावे चढली. 'निचिल' म्हणजे त्या माणसाकडून काही मिळण्यासारखे नाही. ही तोंडी उलटतपासणी शब्दात उतरायला हवी, नाहीतर विद्यार्थ्याला हे पद कळणारच नाही.

'मजुमदार' मनात आले होते. पण शिवकालात तो अमात्य, सगळ्या राज्याचा जमाखर्च पाहणारा. इतका मोठा मान या अधिकाऱ्याला देणे चूक ठरेल. 'फॉरिन'चाही परदेशाशी संबंध नाही, तेव्हा 'परराष्ट्र' नको.

जुन्या दफ्तरांतला एखादा शब्द कोणाला आठवतो का?

प्रतिसाद १
ताई, 'झाडा घेणे' आहे की! झाडा म्हणजे हिशेबाचा खुलासा, आणि तो समोर उभे करूनच घेतात. 'झाडा घेणारा अधिकारी' कसे वाटते?

धागाकर्ती
दादा, अगदी हेच हवे होते! 'झाडाझडती' रोज बोलते, पण हे सुचले नाही. मजकुरात 'अपोझर' ठेवून पहिल्या उल्लेखाला 'शेरीफकडून वसुलीचा झाडा घेणारा अधिकारी' असे देते. 'फॉरिन'साठी अजून शब्द हवा आहे. या याद्या एक्सचेकरबाहेरच्या कोर्टांतून येत, म्हणून 'बाह्य' चालेल का?