मदत हवी आहे: १२ बाय १८ प्रिंट काढायची आहे, ३०० डीपीआय केलं तरी फोटो धूसरच

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी. आईबाबांचा ठाण्याच्या तलावपाळीवरचा १९९१ सालचा एक फोटो आहे, मागे मासुंदा तलावाच्या पाण्यातलं महादेवाचं देऊळ दिसतं. तो मोठा करून फ्रेम द्यायचा बेत आहे. मूळ फोटो ऐरोलीला आत्याच्या अल्बममध्ये. आतेभावाने मोबाइलवर फोटोचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडला. माझ्यापर्यंत पोचला तो १२०० बाय १६०० पिक्सेल.

नौपाड्यातला लॅबवाला म्हणाला, "३०० डीपीआय करून आणा, मग बघू." घरी गिंप (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) आहे. 'प्रिंट साइझ'मध्ये ७२ च्या जागी ३०० टाकलं, तर आकार उलट ४ बाय ५.३३ इंच झाला! मग 'स्केल इमेज'मध्ये १२ बाय १८ इंच टाकलं. लांबी-रुंदीचं प्रमाण बांधून ठेवणारी ती साखळी आडवी येत होती म्हणून तोडली, तर दोघंही उंच नि हडकुळे. (बाबा हडकुळे कधीच नव्हते.) साखळी जोडून पुन्हा केलं, तर चेहरे धुक्यातून पाहिल्यासारखे. मोठं करायच्या पद्धतीही बदलून पाहिल्या: क्युबिक, नोहॅलो, लोहॅलो, सगळं करून झालं. फोटोशॉपमध्ये हे नीट होतं का?

घोडबंदरवाला:
फोटोशॉपनेही फार फरक पडणार नाही. डीपीआयचा आकडा म्हणजे फक्त सूचना: एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. पिक्सेल तेच १२००, इंचाला ३०० बसवले की रुंदी ४ इंचच होणार. गिंपचं काहीच चुकलं नाही. १२ बाय १८ ला ३०० ने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. म्हणजे रुंदीत तिप्पट. मधले सगळे शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. क्युबिक काय नि लोहॅलो काय, अंदाज करायची तऱ्हा वेगळी, एवढंच.

आणि साखळी तोडू नका हो. तुमचा फोटो ३:४, कागद २:३. कडा थोड्या कापाव्या लागतील, नाहीतर १२ बाय १६ घ्या.

वाशीकर:
फ्रेम भिंतीवर लागणार ना? चार-पाच फुटांवरून बघायच्या फोटोला १५०-२०० पुष्कळ झालं. ३०० हातात धरून बघायच्या प्रिंटला. पण तुमच्याकडे जेमतेम ९०-१०० आहेत, तेही अल्बमच्या प्लॅस्टिकआडून काढलेल्या फोटोचे.

पाचपाखाडीची पोर:
अहो दादा, ऐरोली ती केवढी लांब? ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दुसरं स्टेशन. अल्बममधून फोटो काढून आणा नि स्कॅन करा. मूळ प्रिंट ४ बाय ६ असेल तर ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतील. १२ बाय १८ ला इंचाला बरोब्बर २००, नि प्रमाणही तेच, काही कापायला नको. आतेभावालाच स्कॅन करायला सांगणार असाल तर फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नको. नाहीतर पुन्हा तेच रामायण.

घोडबंदरवाला:
+१. काम चालू असेपर्यंत एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाइलीत) सेव्ह करा, जेपीजी अगदी शेवटी एकदाच. जेपीजी दर सेव्हला थोडी थोडी झिजते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रविवारी आत्याकडे जाऊन आलो. फोटो अल्बमला चिकटला होता, आत्याने दोऱ्याने हळूहळू सोडवला, मला हातही लावू दिला नाही. ६०० ला स्कॅन केला. आईच्या साडीचे काठसुद्धा दिसतात आता! पण कागद त्या वेळचा दाणेदार, सिल्कवाला. सगळ्या फोटोभर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उमटलीये. ब्लर केलं की काठ पुन्हा जातात. यावर काही?

पाचपाखाडीची पोर:
दोनदा स्कॅन करा, दुसऱ्यांदा फोटो काचेवर उलट्या दिशेने, डोकं खाली ठेवून. तो सरळ फिरवून पहिल्यावर दुसरा लेयर (थर) म्हणून ठेवा, तंतोतंत जुळवा नि वरच्याची ओपॅसिटी ५० टक्के करा, म्हणजे खालचा निम्मा दिसेल. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून दाण्यांच्या सावल्या दोन्हींत उलटसुलट पडतात नि बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. जुळवायला वेळ लागतो, चहा घेऊन बसा.