न्यू जर्सी ते ऑरलँडो गाडीने: टोलचं काय करायचं? (‘अमेरिकेतले आपण’ ग्रुप)

केतकी: २२ तारखेला पहाटे पाचला एडिसनहून ऑरलँडोला निघतोय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि ओवी. आपली गाडी लहान पडते म्हणून भाड्याची मिनीव्हॅन घेतोय. आमच्याकडे न्यू जर्सीचा ईझीपास आहे, म्हणजे काचेला लावायचा, टोल खात्यातून आपोआप वळता करणारा टॅग. तो व्हॅनमध्ये लावला की झालं ना? की प्रत्येक राज्याचा वेगळा काढायचा?

सुहासदादा: वेगळा काढू नकोस. तुझ्या वाटेवर टोल घेणाऱ्या सगळ्या राज्यांत ईझीपास चालतो. फ्लोरिडा टर्नपाइकवरही (टर्नपाइक म्हणजे टोलचा महामार्ग) २०२१ पासून चालतो, त्यामुळे तिथे पोचून फ्लोरिडाचा टॅग, सनपास, घ्यायची गरज उरलेली नाही. सेडानचा टॅग मिनीव्हॅनला चालतो, दोन्ही दोन ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांच्या. मागे ट्रेलर जोडला तरच दर बदलतो. टपावरच्या सामानाच्या पेटीने काही फरक पडत नाही. फक्त तुमचा टॅग काचेला चिकटवलेला स्टिकर नाही ना ते बघ. तो सोलून काढला की निकामी होतो.

केतकी: नाही दादा, पांढरी डबी आहे, वेल्क्रोवर बसवलेली.

अभयकाका: मग टॅग हलवण्याआधी नंबर प्लेटचं बघ. टोलच्या कमानीखालून जाताना अँटेना टॅग वाचते आणि कॅमेरा प्लेटचा फोटो काढतो. टॅग वाचला गेला तर विषय तिथेच संपला. नाही वाचला गेला तर प्लेट कुणाच्या खात्यावर आहे ते शोधतात. तुझ्या खात्यावर सापडली तर पैसे तिथून वळते होतात. नाही सापडली तर बिल गाडीच्या मालकाला, म्हणजे भाड्याच्या कंपनीला जातं. कंपनी तो टोल अधिक स्वतःची रोजची फी तुझ्या कार्डावर टाकते. काही कंपन्या टोल लागला त्या दिवसापुरती फी घेतात, काही एकदा टोल लागला की भाड्याच्या सगळ्या दिवसांची. करारातला टोलचा परिच्छेद सही करण्याआधी वाच आणि काउंटरवर ‘टोल पॅकेज नको’ असं स्पष्ट सांग.

गाडी ताब्यात आली की पार्किंगमधून हलण्याआधी फोनवर ईझीपासचं खातं उघड. प्लेटचा नंबर, प्लेटचं राज्य, गाडीचा मेक आणि मॉडेल भर. राज्याकडे खास लक्ष दे. न्यू जर्सीत घेतलेल्या भाड्याच्या गाडीला फ्लोरिडाची किंवा टेक्ससची प्लेट असू शकते, आणि सवयीने ‘न्यू जर्सी’ निवडलं तर ती नोंद फुकट. ‘ओ’ अक्षर आणि शून्य यांतही घोटाळा होतो, म्हणून प्लेटचा फोटो काढून त्यावरून टाईप कर. सुरुवातीची तारीख-वेळ गाडी घेतल्याची, शेवटची गाडी परत करण्याची. शेवट भरायचा राहिला तर ती गाडी नंतर जो नेईल त्याचा टोल तुझ्या खात्यातून जात राहील.

निनाद: भाड्याच्या बऱ्याच गाड्यांमध्ये काचेवर कंपनीची स्वतःची टॅगची डबी असते. तिची सरकती झडप बंद आहे ना ते बघ. झडप उघडी आणि शेजारी तुझा टॅग, तर दोन्ही वाचले जाऊन दोनदा पैसे जाऊ शकतात. झडप बंद करून तिचाही एक फोटो काढून ठेव, वाद झालाच तर कामी येतो.

केतकी: आणि आपला टॅग लावायचा कुठे? डॅशबोर्डवर ठेवला तर?

निनाद: डॅशबोर्डवर नको, घसरतो आणि कोन बदलतो. हातात धरून काचेला लावणंही बेभरवशाचं. आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या कडेपासून इंचभर खाली, आतल्या बाजूने चिकटव. नव्या वेल्क्रोच्या पट्ट्या आधी मागवून ठेव आणि काच पुसून, कोरडी करून मगच लाव. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो, त्यातून टॅग नीट वाचला जात नाही. अशा काचेवर आरशामागे काळ्या ठिपक्यांची जागा असते, टॅग तिथेच बसवायचा.

सुहासदादा: आता रस्ता. एडिसनला दहा नंबरच्या एक्झिटवरून न्यू जर्सी टर्नपाइक घ्याल आणि दक्षिण टोकाला बाहेर पडाल. ईझीपास असल्यावर तिकीट घ्यायचं नाही. रोखीने जाणाऱ्यांना आत शिरताना तिकीट मिळतं, ते हरवलं तर सर्वांत लांबच्या टप्प्याचा टोल भरावा लागतो. टर्नपाइक नकोच असेल तर दक्षिण जर्सीत आय-२९५ (‘आय’ म्हणजे इंटरस्टेट, आंतरराज्य महामार्ग) जवळपास समांतर जातो आणि तो फुकट आहे.

पुढे डेलावेअर मेमोरियल ब्रिज. तिथे फक्त दक्षिणेकडे जाताना टोल लागतो, येताना नाही. मग डेलावेअरमध्येच नेवार्कला आय-९५ वर दोन्ही दिशांना. मेरीलँडमध्ये पेरीव्हिलला उलटं, फक्त उत्तरेकडे येताना. त्यामुळे जाताना आणि येताना खात्यात वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. नंतर बाल्टिमोरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा, दोन्ही दिशांना. तो टाळायचा तर आय-६९५ पश्चिमेकडून घ्या, अंतर वाढतं पण टोल नाही. पूर्वेकडचा मार्ग मात्र ‘फ्रान्सिस स्कॉट की’ नावाच्या पुलावरून जायचा, आणि तो पूल मार्च २०२४ मध्ये कोसळला. जुना नकाशा वापरणारं नेव्हिगेशन असेल तर याकडे लक्ष ठेवा.

मेरीलँडमध्ये रोख कोणी घेत नाही. टॅग किंवा नोंदवलेली प्लेट नसली तर घरी येतो तो व्हिडिओ टोल, म्हणजे प्लेटच्या फोटोवरून पाठवलेलं बिल, आणि तो दीडपट. अभयकाकांनी सांगितलेली प्लेटची नोंद तिथेच पैसे वाचवते.

मीनलआत्या: वॉशिंग्टनपाशी त्या महागड्या लेन आहेत ना? चुकून शिरले तर?

सुहासदादा: हो आत्या, एक्सप्रेस लेन. त्यांचा दर गर्दीप्रमाणे बदलतो. आत शिरताना फलकावर जो दर दिसतो तो तुमच्यासाठी पक्का होतो, पुढे वाढला तरी. शेजारच्या आय-६६ वर डिसेंबर २०१७ मध्ये सुरू होताच एका फेरीचा दर ४० डॉलरपर्यंत गेला होता, म्हणून फलक वाचल्याशिवाय शिरू नये. गाडीत तीन किंवा जास्त माणसं असली तर फुकट, पण त्यासाठी ईझीपास फ्लेक्स लागतो, ज्यावर सरकवायचं बटण असतं. साध्या टॅगवर पाच माणसं असली तरी पूर्ण टोल.

केतकी, वॉशिंग्टनच्या दक्षिणेला आय-९५ वरच्या या लेन दिशा बदलतात: कामाच्या दिवशी सकाळी उत्तरेकडे, दुपारनंतर दक्षिणेकडे. पाचला निघून तुम्ही साडेनऊच्या सुमारास तिथे असाल, म्हणजे तुमच्या दिशेने त्या उघड्याच नसतील. मुख्य लेनमध्ये राहा. वुड्रो विल्सन पुलावरही टोल नाही.

रिचमंडपाशी शहर टाळायला आय-२९५ घ्या. आय-८९५ वर टोल आहे. त्यानंतर दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जियात आय-९५ वर एकही टोल नाही. पाकीट बंद.

मंजिरीवहिनी: फ्लोरिडाचं मी सांगते. डेटोनाला आय-९५ सोडून आय-४ धरा. मुख्य लेन फुकट आहेत, ऑरलँडोच्या मधोमध एक्सप्रेस लेन आहेत त्यांना टोल पडतो. सॅनफर्डला ४१७ नंबरचा रस्ता फुटतो, तो शहराला पूर्वेकडून वळसा घालून डिझ्नीच्या बाजूला येतो. वाटेत बरेच टोल लागतात, पण संध्याकाळी चार ते सात या वेळात पोचत असाल तर आई-बाबांसाठी तोच घ्या. आय-४ वर त्या वेळी गाड्या अक्षरशः रांगतात.

आत्या, तुम्ही विमानाने येताय ना? ऑरलँडो विमानतळावर भाड्याच्या गाडीसाठी व्हिजिटर टोल पास फुकट मिळतो. आरशाला अडकवायचा, जाताना पेटीत परत टाकायचा. रोजची फी नाही, फक्त टोल.

केतकी: टोल बूथवर चुकीच्या लेनमध्ये गेलो तर?

अभयकाका: थांबायचं नाही, रिव्हर्स तर मुळीच नाही. सरळ निघून जायचं. टॅग वाचला गेला नाही तर प्लेट आहेच. तरीही चुकला तर प्रत्येक संस्थेची वेबसाईट वेगळी असते, सगळ्यांचं मिळून एक खातं नाही. दोन-तीन दिवसांनी त्या राज्याच्या साईटवर प्लेट टाकून शोध.

आणि निघायच्या आठवडाभर आधी खात्यातलं कार्ड तपास. कार्डाची मुदत संपली की आपोआप भरणा होत नाही, शिल्लक संपते आणि टॅग असूनही गाडी ‘टोल न भरलेली’ ठरते. अशा लांब प्रवासात शिल्लक झपाट्याने उतरते.

निनाद: ‘तुमचा टोल थकला आहे, या लिंकवर भरा’ असे मेसेज येतात. एफबीआयने एप्रिल २०२४ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. प्रवासाहून आल्यावर हे खरे वाटतात, कारण टोल नुकतेच भरलेले असतात. आई-बाबांच्या फोनवरही येतील, त्यांना आधीच सांगून ठेव. लिंक उघडायची नाही, स्वतः पत्ता टाईप करून खात्यात बघायचं.

केतकी: झडपेचा फोटो आणि शेवटची तारीख, दोन्ही लिहून घेतलं. गाडी परत केली की इथे कळवते.

अभयकाका: परत केल्यावर टॅग काढायला विसरू नकोस. आणि तीन आठवडे खातं बघत राहा, दुसऱ्या राज्यांतले टोल उशिरा उमटतात. एकच टोल दोनदा दिसला तर भाड्याच्या पावतीसह लगेच हरकत नोंदव.