फक्त वाट पाहणारी प्रेयसी नाही
चिनी पॉपमधली बाई म्हणजे गोड आवाजात वाट पाहणारी प्रेयसी, हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. २००५ साली हुनान टीव्ही या चिनी वाहिनीच्या 'सुपर गर्ल' या मुलींच्या गायन स्पर्धेत ली युचुन जिंकली ती आखूड केस, पँट-शर्ट आणि पुरुष गायकांची गाणी घेऊन. अंतिम फेरीत तिला ३५ लाखांवर एसएमएस मतं पडली!

आणि गायिका तान वेइवेइचं २०२०चं 'श्याओ ज्वान' हे गाणं ऐकाच. चिनी बातम्यांत अत्याचारित बाईचं खरं नाव झाकायला हे नाव वापरतात. गाण्यात बुक्क्या, पेट्रोल, ॲसिड सगळं थेट येतं. ते संपल्यावर मला दुसरं काही लावावंसंच वाटलं नाही.

पुरुषांवरचा पहारा मात्र वाढलाय. 'बायकी' दिसणारे पुरुष टीव्हीवर नकोत, असा फतवाच २०२१ मध्ये सरकारी नियामकाने काढला.