आवेश आणि आस्था एकाच मॅटवर
कराटे-ज्यूदोच्या वर्गात मुलांना आवेश मिळतो, पण दुसऱ्याचे दुःख कळण्यासाठी त्यांना वृद्धाश्रमातच न्यावे लागते, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला अर्धेच पटते. अशा भेटींना माझा विरोध नाही (फळे वाटतानाची छायाचित्रे टाळली तर बरे). परंतु १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी परस्परांचे कल्याण हे ज्यूदोचे तत्त्वच मानले होते.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे दृष्टिबाधितांचा ज्यूदो, जो १९८८ च्या सेऊल पॅरालिम्पिकपासून खेळला जातो आणि ज्यात लढत सुरू होण्यापूर्वीच दोघांनी एकमेकांचा अंगरखा धरलेला असतो. फोंड्यात आम्ही काही जण रविवारी दृष्टिबाधित मुलांना हेच विनामूल्य शिकवतो. तेथे हात लावण्याआधी नाव घेऊन बोलावे लागते आणि फेकल्यावरही जोडीदाराची बाही सोडायची नसते, म्हणजे त्याचे डोके आपटत नाही. आमच्या वर्गातील एक धसमुसळा मुलगा तेथे मदतीला येऊ लागल्यापासून नेहमीच्या सरावातही बाही न विसरता धरून ठेवतो. म्हापसा-मडगावकडे कोणी असे वर्ग चालवत असल्यास पावसाळ्यात मॅट कोरड्या कशा ठेवता, ते अवश्य लिहावे. आमची निम्मी शक्ती त्यातच खर्च होते.