लिस्बनमध्ये एकच दिवस, सोबत सासूबाई

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात लिस्बनला एक अख्खा दिवस मिळतोय, मंगळवार. आम्ही दोघं आणि सासूबाई. सपाटीवर त्या आमच्यापेक्षा भरभर चालतात, पण चढ नको आणि खाण्यात अंडंही नको. जुन्या शहरातून फिरणारी ट्राम २८ आणि नदीकाठचा बेलें भाग, एवढंच डोक्यात आहे. कोणी जाऊन आलंय का? जेवणाचं काय करावं?

—

अगं, आम्ही मार्चमध्येच जाऊन आलो. मंगळवार आहे ते बरंच, बेलेंचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. सकाळी आधी बेलेंच गाठा. फिगैरा चौकातून १५ नंबरची ट्राम नदीकाठानं जाते, चढ नाही. तिकिटाचं कार्ड मात्र प्रत्येकाला वेगळं लागतं. आमच्या ह्यांनी एकाच कार्डावर दोघांना चढवायचा प्रयत्न केला, मागे सगळी रांग खोळंबली.

मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची समाधी, समोर कामोंइश कवीची. बांधकाम १५०१ साली सुरू झालं, पैसा बराचसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातला. दगडात जहाजाचे दोरखंड कोरलेत, गाठी आणि पिळांसकट. सासूबाईंना सांग, मसाल्याचे पैसे इथे गेले.

तिथून चालत पाच मिनिटांवर पास्तैश द बेलें, कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं १८३७ पासूनचं दुकान. बाहेरची रांग बघून परत फिरू नका, ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, जागा मिळते. पापुद्रा करकरीत, आतलं कस्टर्ड जीभ भाजेल इतकं गरम, वरून दालचिनी आणि पिठीसाखर आपल्या हातानं भुरभुरवायची. मी तीन खाल्ले. पण सगळा खेळ अंड्याच्या बलकावर आहे, म्हणून सासूबाईंना तिथे नुसती कॉफी. छोट्या कडक कॉफीला लिस्बनवाले 'बिका' म्हणतात.

आता जेवण. टेकतोय तोच वेटरनं पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं. आम्हाला वाटलं, काय अगत्य आहे! बियांचा ढीग लावला. बिलात प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ. त्याला 'कुव्हेर्त' म्हणतात. न मागता आलेलं आणि आपण न खाल्लेलं त्यांना बिलात लावता येत नाही, तसा कायदाच आहे. पण हात लावलात की ते तुमचं. नको असेल तर आल्या आल्या परत पाठव, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि मेनूवर 'मैया दोज' दिसलं तर तेच मागव. नाव अर्ध्याचं, पोट एकाचं नीट भरतं.

सासूबाईंसाठी काल्दु व्हेर्द सूप आहेच, हिरवं, बटाट्याचं. आम्हाला फार आवडलं.
काकू

—

काकू, थांबा! काल्दु व्हेर्दमध्ये शोरीसूची चकती असते, म्हणजे डुकराचं मांस. चकती काढून दिली तरी पुष्कळदा ती सूपातच उकळलेली असते. त्यापेक्षा 'सोपा द लेगूमिश', म्हणजे भाज्यांचं सूप मागवा, आणि तेही कशात शिजवलंय ते विचारूनच. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, मासा नको हेही वेगळं सांगायचं.

मेनूची भीती नको. त्यांचा पाव तो आपला पाव, बताता तो बटाटा, कोव्ह म्हणजे कोबीच्या जातीची पालेभाजी, अननश तो अननस. हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतलेत.

ट्राम २८ बद्दल माझं मत वाईट आहे. दुपारी आत पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूंची चंगळ. बसायचंच असेल तर मार्तिम मोनिझला, जिथून सुटते तिथे, भल्या सकाळी. नाहीतर टॅक्सीनं थेट पोर्ताश दो सोलच्या सज्ज्यावर जा, आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि नदी बघा, टॅक्सीनंच खाली या. तिथल्या फुटपाथचे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. पाऊस पडला तर सासूबाईंचा हात सोडू नका.
एक जुना लिस्बनकर

—

मंडळी, आलो परत. २८ सोडली. संध्याकाळी काइश दो सोद्रेहून फेरीबोटीनं पलीकडे कासिल्याशला गेलो, दहा मिनिटांचा प्रवास. उजवीकडे १९६६ चा तो लाल पूल, मागे वळून बघितलं की उतरत्या उन्हात अख्खं शहर. सासूबाई खिडकीपासून हलल्या नाहीत. परतीच्या बोटीत त्यांनी स्वतः जाऊन तीच बाजू धरली.

जेवताना कुव्हेर्त आलं. त्यांनी ऑलिव्हची वाटी दोन बोटांनी वेटरकडे सरकवली आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "बटाटा." तो गेला आणि सालासकट भाजून मुठीनं चेपलेले बटाटे घेऊन आला, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल. आम्हाला एकच मिळाला.

तिन्ही कार्डांवर थोडे पैसे उरलेत. कार्ड घेतल्यापासून वर्षभर चालतं. कोणी जाणार असेल तर कळवा, रविवारी घेऊन येते.